रानफुलें, वृक्ष आणि कॅमेरा

तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपल्या मराठी मुलुखांत आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. श्रावणांत डोंगरउतार गुलाबी करून टाकणारें हें फूल पाहतां पाहतां गळून जातें, व त्याच्या जागीं एक लहानसें हिरवें बोंड तेवढें उरतें. फुलांचें हें क्षणभंगुरत्व पाहून कवि हळहळले व संतांनीं त्यावरून उपदेश केला. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच फुलापुढें जरा निराळ्या हेतूनें थांबणार आहों. तीन दिवसांचा हा रंग छायाचित्रांत वर्षानुवर्षें टिकवितां येतो, हें आतां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो कोणत्या रीतीनें टिकविला असतां ज्ञानलाभ होतो, आणि तो टिकविण्याच्या नादांत आपण मूळ फुलाचाच घात कसा करतों, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. विद्यार्थिमित्रहो, तेंच आज तुम्हांस सांगावें, असा आमचा विचार आहे.

एके काळीं कॅमेरा ही सधन घरांतील चैनीची वस्तु असे. काचा व फिती महाग, त्या धुण्याचा खर्च वेगळा. म्हणून चित्र घेणारा मनुष्य दहा वेळां विचार करून एकदां कळ दाबी. आतां मोबाईलमुळें कॅमेरा खिशांत आला आहे, व एका दुपारीं दोनशें चित्रें घेण्यास एक पैही पडत नाहीं. ही सोय मोठी खरी. पण खर्च गेला त्याबरोबर पुष्कळांचा विचारही गेला. सहलीहून परत आल्यावर मुलें चित्रें दाखवितात, तीं सुंदर असतात, परंतु हें कोणतें फूल, तें वेलीवर होतें कीं झुडुपावर, त्याचीं पानें कशीं होतीं, असें विचारतांच उत्तर येत नाहीं. डोळ्यांनीं पाहण्याचें काम यंत्रावर सोंपवून आपण मोकळे झालों, असा हा प्रकार आहे.

छायाचित्रकला व वनस्पती यांचा जुना स्नेह

छायाचित्रकलेचा आरंभच मुळीं झाडांच्या पानांशीं निगडित आहे. इंग्लंडांतील विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या विद्वान् गृहस्थानें मीठ व रुप्याचा क्षार यांच्या द्रावणांत भिजविलेल्या कागदावर झाडाचें पान ठेवून तो कागद उन्हांत धरला. जेथें ऊन लागलें तेथें कागद काळवंडला. पानाखालीं तो पांढरा राहिला, आणि पानाची आकृति कागदावर उमटली. हे आपले प्रयोग त्यानें १८३९ सालीं विद्वज्जनांपुढें मांडले. पुढें १८४२ सालीं सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें लोहाच्या क्षारांपासून निळीं चित्रें काढण्याची युक्ति शोधली. आणि लगेच १८४३ सालीं ॲना ॲटकिन्स नांवाच्या इंग्रज बाईनें त्या युक्तीनें समुद्रशेवाळांचीं चित्रें काढून तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. छायाचित्रांनीं सजविलेला हा जगांतील पहिला ग्रंथ होय, असें सामान्यतः मानतात. तो राजेरजवाड्यांच्या चेहऱ्यांचा नसून पाण्यांतील शेवाळांचा होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

रंग मात्र पुष्कळ वर्षें हातीं लागेना. जुन्या काचांवरील रासायनिक लेपास निळा रंग चटकन कळे, तांबडा जवळ जवळ कळतच नसे. त्यामुळें त्या काळच्या चित्रांत निळें फूल पांढुरकें दिसे व केशरी-तांबडें फूल काळें पडे. १९०७ सालीं फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनीं रंगीत छायाचित्रांच्या काचा बाजारांत आणल्या. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळ्या रंगांत रंगवून त्यांनीं ते काचेवर पसरले होते. ज्या बटाट्याची आपण भाजी खातों, त्याच्याच पिठानें फुलांचे रंग धरून दिले!

जर्मनींतील कार्ल ब्लॉसफेल्ट या कलाशिक्षकाची हकीकत तुम्हां विद्यार्थ्यांस विशेष उपयोगी पडेल. आपल्या शिष्यांस आकृतींचें सौंदर्य शिकवितां यावें म्हणून त्यानें कळ्या, देंठ, तणावे व बोंडें यांचीं अनेक पटींनीं मोठीं केलेलीं चित्रें वर्षानुवर्षें घेतलीं. १९२८ सालीं तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं, तेव्हां लोक थक्क झाले. त्यांतील बहुतेक वनस्पती दुर्मिळ नव्हत्या; रस्त्याच्या कडेचें साधें तण त्यांत होतें. नवल वनस्पतींत नव्हतें, पाहणाऱ्याच्या चिकाटींत होतें.

आपल्या इकडील वनस्पतींच्या अभ्यासांतही मिशनरी शिक्षकांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांनीं वाळविलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभारला. तो आजही त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्याच कॉलेजांतील स्पॅनिश पाद्री सांतापाव यांनीं खंडाळ्याच्या घाटांत हिंडून तेथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, व तो १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें ते सरकारच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. असे अभ्यासक नमुने तोडून, दाबून, वाळवून ठेवतात. कारण वाळलेलें फूल शंभर वर्षांनींही उघडून तपासतां येतें, चित्रांतलें फूल उघडतां येत नाहीं. उलट, वाळलेल्या फुलाचा रंग उडून जातो व तें कोठें कसें उभें होतें हें कळत नाहीं. तें चित्र सांगतें. शास्त्रज्ञांस दोन्हींची गरज आहे. तुम्हांआम्हांस मात्र तोडण्याचें कारण नाहीं. आपल्यासाठीं चित्र पुरे आहे, आणि तें चांगलें घेतलें तर शास्त्रज्ञांच्याही उपयोगीं पडतें.

एका पावलाची किंमत

साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर कासचें पठार आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारें बाराशें मीटर. वर जांभा दगडाचा थर, त्यावर कोठें बोटभर तर कोठें वीतभर माती. उन्हाळ्यांत तेथें गेलें तर उघड्या खडकाशिवाय कांहीं दिसत नाहीं. परंतु मृगापासून पाऊस कोसळूं लागला कीं हाच खडक अंग धरतो, आणि श्रावण-भाद्रपदांत त्यावर फुलांचे गालिचे पसरतात. गेंदाचीं पांढरीं बटणें, सोनकीचा पिवळा सडा, तेरड्याचा गुलाबी पट्टा, डबक्यांच्या कांठीं सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग, असें एकामागून एक चालतें. सह्याद्रीच्या ज्या स्थळांना २०१२ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासचा समावेश आहे. तेव्हांपासून तेथील गर्दी अतोनात वाढली, व ती आवरण्यासाठीं वनखात्यास आणि भोंवतालच्या गांवकऱ्यांस प्रवेशशुल्क व निर्बंध घालावे लागले.

निर्बंध कशासाठीं, असें कित्येक पालकही विचारतात. त्याचें कारण असें. या पठारावरील पुष्कळ वनस्पती एकवर्षायु आहेत. म्हणजे बियांतून रुजणें, वाढणें, फुलणें, बीं धरणें व मरणें हा सारा संसार त्या तीन-चार महिन्यांत उरकतात. बीं मातींत पडण्यापूर्वीं रोप तुडविलें गेलें तर पुढील वर्षीं तेथें उगवावयाचें काय? शिवाय ओली माती पायांखालीं दडपून घट्ट झाली कीं तींत पाणी व हवा शिरत नाहीं, आणि पडलेलें बींही रुजत नाहीं. म्हणून फुलांतून पडलेलें पाऊल आजचें फूल मोडून थांबत नाहीं, तें पुढच्या सालचें फूलही मोडतें.

हें आम्ही पुस्तकांत वाचून सांगत नाहीं. त्याच डोंगररांगेंतील दुसऱ्या एका लहान पठारावर आम्ही एकदां कांहीं विद्यार्थ्यांसह गेलों होतों. सकाळची वेळ, धुकें नुकतेंच विरलेलें, आणि समोर तेरड्याचें एकच टवटवीत रोप खडकाच्या कपारींतून वर आलेलें. तें पाहून आम्हांस मोह आवरला नाहीं. गुडघे टेकून, पुढें वांकून, चांगलीं पंधरा मिनिटें खपून आम्हीं त्याचें चित्र घेतलें, व तें उत्तम साधलें. उठतांना एका विद्यार्थ्यानें हळूच विचारलें, "गुरुजी, आपल्या गुडघ्यांखालीं हें तांबडें काय चिरडलें आहे?" खालीं पाहतों तों दवबिंदूचीं रोपें! ही लहानशी वनस्पति आपल्या पानांवरील केसांच्या टोंकांशीं चिकट रसाचे थेंब धरून चिलटें पकडते. जांभ्याच्या मातींत नत्राचा दुष्काळ असतो, तो ती अशा रीतीनें भरून काढते. ती दाखविण्यासाठींच आम्ही मुलांना तेथवर नेलें होतें; आणि तीच आमच्या गुडघ्यांखालीं मातींत मिसळली होती. त्या दिवशीं मुलांना दवबिंदूचा पाठ मिळाला नाहीं, पण आम्हांला एक पाठ मिळाला. तें तेरड्याचें चित्र अद्याप आमच्यापाशीं आहे. तें पाहून लोक वाहवा करतात, तेव्हां आम्हांस चौकटीबाहेरचें तेंच आधीं आठवतें.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला, व तोच या लेखाचें सार होय: चित्र घेण्यापूर्वीं फूल ओळखावें, व चित्र घेतल्यावर फूल होतें तसें तेथेंच राहावें. पुढें जें तंत्र सांगतों तें सर्व या दोन गोष्टींच्या सेवेस आहे.

फुलाचें चित्र कसें घ्यावें

प्रथम कॅमेरा पिशवींतच राहूं द्या. पाऊल टाकण्यापूर्वीं जमीन पाहा, उघडा खडक किंवा मळलेली वाट कोठें आहे तें ठरवा, व तेथूनच फुलाजवळ जा. तेथून पोंचतां येत नसेल तर तें फूल सोडून द्या. वाटेच्या कडेला त्याचें दुसरें भावंड बहुधा सांपडतें. मग पांच मिनिटें नुसतें पाहा. पाकळ्या किती, सुट्या कीं जोडलेल्या? पानें समोरासमोर कीं एकाआड एक? फुलाला मागें शेपटी आहे काय? तेरड्याच्या फुलास मागें वांकडी नळी असते व तींत मध असतो. समोरून घेतलेल्या चित्रांत ती लपून जाते. सोनकीचें किंवा गेंदाचें फूल जवळून पाहाल तर ज्यास आपण एक फूल म्हणतों तो अनेक चिमुकल्या फुलांचा मेळा आहे असें आढळेल. हें ज्यानें पाहिलें त्यास चित्र कोठून घ्यावें हें कोणी शिकवावें लागत नाहीं.

यावरून एक गोष्ट उघड होते, कीं एका चित्रानें वनस्पतीची ओळख पटत नाहीं. निदान चार तरी हवींत. पहिलें, सबंध रोप त्याच्या जागेसह. दुसरें, फूल समोरून. तिसरें, फूल बाजूनें. चौथें, पान व देंठ, शक्य तर पानाची खालची बाजूही. पांचवें घेतांना शेजारीं लहान मोजपट्टी किंवा नाणें धरावें, म्हणजे आकार कळतो. सीतेच्या आसवांचें फूल चित्रांत कमळाएवढें दिसतें. प्रत्यक्षांत तें करंगळीच्या नखाएवढें असतें.

आतां प्रकाशाविषयीं. भर दुपारचें ऊन फुलांच्या चित्रास वाईट. त्यानें पांढऱ्या पाकळ्या अगदींच कोऱ्या होतात व सावल्या काजळासारख्या पडतात. सकाळचें कोंवळें ऊन किंवा ढगाळ आकाश उत्तम. पावसाळ्यांत छत्री बरोबर असतेच. ऊन कडक असेल तर तिची सावली फुलावर धरा, वारा असेल तर तीच आडोशास ठेवा. पांढऱ्या व पिवळ्या फुलांच्या बाबतींत यंत्राचा अंदाज बहुधा चुकतो. भोंवतालचें गडद हिरवें पाहून तें जास्त प्रकाश आंत घेतें व फुलावरील बारीक रेषा पुसून टाकतें. अशा वेळीं उजेड मुद्दाम थोडा कमी करावा. मोबाईलवर फुलाच्या जागीं बोट टेकविलें म्हणजे तेवढ्यावर दृष्टि स्थिर होते, व बोट खालीं सरकवून उजेड कमी करतां येतो. चित्र मोठें दिसावें म्हणून बोटांनीं ताणूं नका, त्यानें तें केवळ फुगतें. त्यापेक्षां स्वतः थोडें पुढें सरका, आणि भिंग स्वच्छ रुमालानें पुसा. अस्पष्ट चित्राचें कारण पुष्कळदां भिंगावरील बोटांचा तेलकटपणा एवढेंच असतें.

ज्यांच्यापाशीं मोठा कॅमेरा आहे त्यांनीं भिंगाच्या छिद्राचें गणित समजून घ्यावें. कॅमेऱ्यावर एफ ४, एफ ८, एफ १६ असे आंकडे असतात. भिंगाच्या नाभीय अंतरास या आंकड्यानें भागिलें असतां छिद्राचा व्यास निघतो. पन्नास मिलिमीटरांच्या भिंगास एफ ८ लावलें तर व्यास सव्वासहा मिलिमीटर, एफ १६ लावलें तर सव्वातीन मिलिमीटरांच्या आंत. म्हणजे आंकडा मोठा तसें छिद्र लहान. छिद्र लहान असलें कीं पुढची पाकळी व मागची पाकळी दोन्ही रेखीव येतात, पण प्रकाश कमी मिळतो. मग झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यांत वाऱ्यानें फूल हललें तर सर्व फिसकटतें. ही ओढाताण कोणासही चुकत नाहीं. उपाय दोन: कॅमेरा तिवईवर किंवा दगडावर टेकवावा, आणि वाऱ्याच्या दोन झुळुकांमध्यें जो क्षणभर निवांतपणा येतो त्याची वाट पाहावी. आमच्या मतें ही वाट पाहणें हेंच या कलेंतील खरें शिक्षण होय.

पार्श्वभूमि स्वच्छ हवी म्हणून शेजारचें गवत उपटणें, आड येणारी फांदी मोडणें, फुलावर पाणी शिंपडून खोटें दंव करणें, हे प्रकार सर्वथा त्याज्य समजावे. आड येणारी काडी बोटानें हळूच बाजूस धरावी व काम होतांच पूर्ववत् सोडावी. भिंग फुलाच्या उंचीवर आणलें, व मागें दूरची सावली येईल असें उभें राहिलें, तर पार्श्वभूमि आपोआप शांत होते.

वृक्षांचें चित्र

फुलाजवळ जावें लागतें, तर वृक्षापासून दूर. सबंध वृक्ष एका चौकटींत घेण्यासाठीं जवळ उभे राहून कॅमेरा वर उचलला म्हणजे वृक्ष मागें कलंडत असल्यासारखा दिसतो. तेव्हां त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर जावें, किंवा समोरच्या चढावर उभें राहावें, व कॅमेरा सरळ धरावा. खोडाला लागून एखाद्या मित्रास उभा करावा. तो दीड मीटर उंच असेल, आणि चित्रांत वृक्ष त्याच्या आठपट भरला, तर वृक्ष सुमारें बारा मीटर उंच होय. गणिताच्या तासास शिकलेलें प्रमाण असें रानांत उपयोगीं पडतें.

वृक्षाचीही ओळख एका चित्रानें होत नाहीं. आकृति, साल, पान, फूल व फळ या पांचांची पांच चित्रें हवींत, आणि तीं एका दिवसांत मिळत नाहींत. सालीचें चित्र सकाळच्या तिरप्या उन्हांत घ्यावें, म्हणजे खांचा उठून दिसतात. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, तर कांडोळाची पांढरीशुभ्र व गुळगुळीत. अंधारांत ती चमकते म्हणून त्या झाडास कोठें कोठें भुत्या म्हणतात. पळसाला पानें तीनच, हें आपण बोलण्यांत हजार वेळां म्हणतों. पण पळसाच्या पानाचें चित्र घेऊन तीं तीन दळें एका देंठावर कशीं बसलीं आहेत, मधलें मोठें व बाजूचीं दोन तिरकीं कशीं, हें किती जणांनीं पाहिलें आहे?

याच पळसावरून एक सोपा पण उत्तम प्रयोग सुचवितों. शाळेच्या किंवा घराच्या वाटेवरचा एक पळस, पांगारा किंवा बहावा निवडा. एक जागा ठरवून तेथें दगडाची खूण करा, व दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याच जागेवरून, त्याच वेळीं, एक चित्र घ्या. बारा महिन्यांनीं बारा चित्रें ओळीनें मांडलीं कीं पळसाचीं पानें कधीं झडलीं, माघ-फाल्गुनांत निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुलें कधीं आलीं, नवी पालवी केव्हां फुटली व शेंगा केव्हां लोंबल्या, हें सर्व नजरेसमोर येतें. पुढील वर्षीं हाच प्रयोग पुन्हां करा. पाऊस लवकर आला किंवा उशिरां आला याचा झाडावर काय परिणाम झाला तें ताडून पाहतां येईल. एका मुलाच्या बारा चित्रांस फारशी किंमत नसेल. पण एका शाळेनें दहा वर्षें चालविलेली अशी वही ही मोठी ठेव होय.

कारवीची गोष्ट तर याहून विलक्षण. डोंगरउतारावर दाट वाढणारें हें झुडूप सुमारें सात-आठ वर्षांनीं एकदां सामुदायिक रीतीनें फुलतें, बीं टाकतें व मरून जातें. मुंबईजवळ बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत ती २००८ सालीं व पुन्हां २०१६ सालीं फुलली. सातवींत असतांना जो मुलगा तिचा बहर पाहील, तो दुसरा बहर येईपर्यंत शाळा सोडून गेलेला असेल. मागच्या खेपेचें चित्र, तारीख व ठिकाण जपून ठेवलें असेल तरच दोन बहरांची तुलना करतां येईल.

टिपणवही व मौन

तारीख व ठिकाण नसलेलें चित्र म्हणजे पत्ता नसलेलें पत्र. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर टिपणवहींत पांच गोष्टी लिहाव्या: दिवस, ठिकाण, जमीन खडकाळ कीं ओलसर, भोंवतालीं कोणतीं झाडें, आणि स्थानिक नांव. हें नांव पुस्तकांत शोधण्यापूर्वीं वाटेवरच्या गुराख्यास किंवा गांवांतील आजीबाईंस विचारावें. त्या झाडाची भाजी होते कीं औषध, गुरें तें खातात कीं टाळतात, हेंही त्यांस ठाऊक असतें. मोबाईलमधील यंत्र फुलाचें नांव सुचवितें खरें, पण तें कित्येकदां चुकतें. त्याचें म्हणणें ही सूचना समजावी, निकाल समजूं नये.

एक सावधगिरी मात्र नवीन काळाची आहे. सह्याद्रींत कांहीं वनस्पती इतक्या थोड्या उरल्या आहेत कीं त्यांचा पत्ता जाहीर करणें म्हणजे त्यांच्या मुळावर येणें होय. शिंदळ माकुडी हें त्यांतलें एक नांव. जुन्नर, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या डोंगरांच्या कड्यांवर ती वाढते; पांच टोंकांच्या ताऱ्यासारखें तिचें किरमिजी फूल पावसाळ्यांत येतें. जगांत ती सह्याद्रीखेरीज अन्यत्र रानटी सांपडत नाहीं. कंदिलासारखीं फुलें येणाऱ्या खर्चुडीच्या कित्येक जातीही अशाच विरळ आहेत, व त्यांचे कंद खणून खाल्ले जातात. अशा वनस्पतीचें चित्र मिळालें तर तें अवश्य ठेवा, शिक्षकांस दाखवा, जाणत्या अभ्यासकास कळवा. परंतु नेमकी जागा चारचौघांत सांगूं नका. मोबाईलच्या चित्रांत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. चित्र इतरांस धाडण्यापूर्वीं ती नोंद काढून टाकावी. ज्ञान वांटावें हें खरें, पण येथें मौन हेंच रक्षण आहे.

उपसंहार

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलास महाग कॅमेरा घेऊन देण्यापेक्षां महिन्यांतून एक सकाळ त्याच्याबरोबर गांवाबाहेर चाला. त्यानें किती चित्रें घेतलीं हें विचारूं नका. किती झाडांशीं ओळख झाली तें विचारा. कास दूर असेल तर हरकत नाहीं. शेताचा बांध, ओढ्याचा कांठ, शाळेच्या कुंपणाची भिंत, येथेंही पावसाळ्यांत फुलांची उणीव नसते.

डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें रानांतील फुलांकडे आपल्या शिष्यांचें लक्ष वेधलें, तेव्हां त्यानें तीं कशीं वाढतात हें पाहावयास सांगितलें, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. फूल कसें दिसतें हें कोणीही पाहतो. तें कसें वाढतें हें पाहणाऱ्यास त्याची माती, त्याचा पाऊस, त्याचे शेजारी, आणि त्याच्याजवळ पडणारें स्वतःचें पाऊल, हें सर्व पाहावें लागतें. असें ज्यानें पाहिलें त्याचें चित्र चांगलें येवो वा न येवो, त्याच्या गुडघ्यांखालीं कांहीं चिरडलें जाणार नाहीं. तेरड्याचा रंग तीन दिवसच राहील. पण त्याचें बीं मातींत सुखरूप पडलें असेल, तर पुढच्या श्रावणांत आपण पुन्हां जाऊं तेव्हां तो तेथें असेल.

सुटींतील अभ्यास

१. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक वृक्ष निवडून त्याचें दरमहा एक चित्र घ्या, व वर्षाअखेर बारा चित्रांचा तक्ता वर्गांत लावा.

२. एकाच रानफुलाचीं वर सांगितलेलीं पांच चित्रें घ्या. फूल तोडलेलें नसावें.

३. त्या वनस्पतीचें स्थानिक नांव व उपयोग गांवांतील वडील माणसांस विचारून टिपणवहींत लिहा.

४. मित्रास खोडाशीं उभा करून घेतलेल्या चित्रावरून एका वृक्षाची उंची काढा, व रीत सविस्तर लिहा.